पोलिसांचा पूर्वग्रह: मन बदलायच्या आधी फॉर्म बदला

प्रश्न असा आहे: लंडनच्या पोलिसांबद्दल गेल्या काही वर्षांत जे बाहेर आलं ते वाचून धक्का बसला. आता तिथे वर्तनशास्त्राच्या मदतीने पोलिसांमधला वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष कमी करायचं चाललंय म्हणतात. याने खरंच काही होतं, की नुसतीच शिबिरं? आणि आपल्याकडे याचा काही उपयोग आहे का?

होतं. पण ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त पैसा खर्च होतो, तिने सगळ्यात कमी होतं. मी इंग्लंडमध्ये सार्वजनिक सेवांसाठी, त्यात पोलीसही आले, वर्तनशास्त्राचं (म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात आणि ते वागणं कशाने बदलतं याच्या अभ्यासाचं) काम बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. एप्रिल १९९३ मध्ये लंडनच्या एल्थम भागात बसची वाट बघत असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या पोरांच्या टोळक्याने खून केला. त्या तपासाची पोलिसांनी जी वाट लावली तिची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनी केली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांवर (लंडनमध्ये सगळे नुसतं ‘मेट’ म्हणतात) संस्थात्मक वंशद्वेषाचा ठपका ठेवला. शिफारशी होत्या ७०. मग प्रशिक्षणं झाली, नवे विभाग निघाले, भिंतींवर पोस्टरं लागली. मार्च २०२१ मध्ये मेटमध्येच नोकरीवर असलेल्या वेन कझन्सने ओळखपत्र दाखवून, कोविडचे नियम मोडल्याबद्दल अटक करतोय असं भासवून सारा एव्हरार्ड या तरुणीला पळवलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. त्यानंतर बॅरोनेस लुईस केसी यांनी सगळ्या दलाची झाडाझडती घेतली. मार्च २०२३ मधला त्यांचा अहवाल सांगतो की वंशद्वेष होता तिथेच आहे, शिवाय स्त्रीद्वेष आणि समलैंगिकांचा द्वेषही संस्थेच्या अंगी मुरलेला आहे. चोवीस वर्षांत यादी वाढलीच.

त्या अहवालातले छोटे तपशील मला मोठ्या निष्कर्षांपेक्षा जास्त बोलके वाटतात. एका शीख पोलिसाची दाढी सहकाऱ्याने गंमत म्हणून कातरली. एका मुस्लिम पोलिसाला लॉकरमधल्या बुटात बेकन (डुकराचं मांस) सापडलं. बलात्काराच्या तपासातले नमुने ठेवायचे फ्रीज ओसंडून वाहत होते, काही नादुरुस्त होते, आणि एकात तर नमुन्यांशेजारी कुणाचा तरी जेवणाचा डबा होता. नव्याने रुजू झालेल्या पोलिसाला बलात्काराचा तपास किती महत्त्वाचा मानला जातो हे कळायला तो फ्रीज पुरेसा आहे. वर्गात त्यावर दोन तास कुणी काहीही बोलो.

आता एक गोष्ट बाजूला काढते. कझन्स किंवा डेव्हिड कॅरिक यांच्यासारख्यांवर वर्तनशास्त्र हा उपाय नव्हे. कॅरिक २००१ पासून मेटमध्ये होता आणि २०२३ मध्ये त्याला बलात्काराच्या डझनावारी गुन्ह्यांसाठी जन्मठेप झाली. असल्या माणसांना भरतीच्या वेळीच अडवायचं असतं, आत शिरलेच तर हाकलायचं असतं, गुन्हा असेल तर तुरुंगात घालायचं असतं. या बाबतीत कुणी सल्लागार ‘हळूच दिशा वळवण्याच्या’ गोष्टी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. माझं क्षेत्र आहे ते या दोघांच्या आजूबाजूला बसलेल्या, जोक ऐकून हसलेल्या, कागद पुढे ढकललेल्या शेकडो सामान्य माणसांचं.

प्रशिक्षणाचं काय

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे सुप्त पूर्वग्रहांचं प्रशिक्षण. पोलिसांना दिवसभर बसवायचं, आपल्या नकळत मेंदू रंग-लिंग बघून कसे ठोकताळे बांधतो हे दाखवायचं, आणि जाणीव झाली की वागणं सुधारेल अशी आशा धरायची. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१८ पासून सगळ्या दलाला, म्हणजे सुमारे ३६ हजार जणांना, हे शिकवलं. तुकड्या टप्प्याटप्प्याने पाठवल्यामुळे संशोधकांना शिकलेल्या आणि अजून न शिकलेल्या पोलिसांची तुलना करता आली. शिकलेल्यांची जाणीव वाढली होती, पूर्वग्रह हा खरा प्रश्न आहे असं त्यांना जास्त वाटत होतं. रस्त्यावर मात्र कुणाला अडवलं, कुणाला पकडलं, कुणावर बळ वापरलं यातल्या वांशिक तफावतीत प्रशिक्षणामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. सुप्त पूर्वग्रह बदलण्याच्या ४९२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये आलं. पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचणीतले गुण थोडेफार बदलतात, पण त्यामुळे वागणं बदलतं याला आधार सापडला नाही. रात्री दोन वाजता, पावसात, शिफ्टच्या अकराव्या तासाला माणूस स्लाइड आठवून वागत नाही. सवयीने वागतो आणि जोडीदाराकडे बघून वागतो.

सगळं प्रशिक्षण कुचकामी आहे असं मात्र नाही. शिकागोत ८,४८० पोलिसांना वेगळ्या प्रकारचं प्रशिक्षण दिलं: समोरच्याचं ऐकून घ्या, काय करताय आणि का करताय ते सांगा, अपमान करू नका, सगळ्यांना एकच नियम लावा. नंतरच्या दोन वर्षांत तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी आणि बळाचा वापर सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला. आकडे छोटे आहेत, पण खरे आहेत. इथे पोलिसाच्या मनात काय आहे हे कुणी विचारलंच नव्हतं. तोंडाने काय बोलायचं एवढं शिकवलं होतं.

एक रकाना

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात उपयोगी पुरावा फॉर्मबद्दलचा आहे. ऐकायला कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी त्याची बातमी करत नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०११ साली पोलिसांनी रस्त्यावर लोकांना ६,८५,७२४ वेळा अडवलं. त्यातल्या साधारण ८८ टक्के प्रसंगांत पुढे अटक नाही की समन्स नाही. अडवलेले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. प्रत्येक वेळी पोलीस एक फॉर्म भरायचे, आणि त्यावर कारणांच्या तयार चौकटी होत्या. ‘चोरट्या हालचाली’ ही त्यातली एक, ‘गुन्हेगारीचा भाग’ ही दुसरी. टिक केली की काम झालं. चोरटी हालचाल म्हणजे नेमकं काय, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

मार्च २०१३ मध्ये, या अडवण्यांविरुद्ध न्यायालयात खटला चालू असताना, वरून आदेश आला की नुसती टिक चालणार नाही, अडवण्याचं कारण स्वतःच्या शब्दांत सविस्तर लिहायचं. त्याबरोबर अडवण्यांची संख्या घसरलीच, शिवाय अडवलेल्यांपैकी खरोखर शस्त्र किंवा पुरावा सापडण्याचं प्रमाण एकदम वर गेलं. पोलीस तेच, मनं तीच. आधी जिथे ‘बघू काय निघतंय’ म्हणून अडवायचे तिथे आता लिहायला काही सुचेना, म्हणून अडवेनात.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने पोलिसांबरोबर काम करून असाच एक प्रश्न फॉर्ममध्ये घातला: हे अडवणं ठोस माहितीवरून आहे का, हो की नाही? म्हणजे या विशिष्ट माणसाचा विशिष्ट गुन्ह्याशी संबंध जोडणारं काही आधीच हाती होतं का? २०१७ मध्ये तिथे सुमारे ३२ हजार वेळा लोकांना अडवलं होतं, २०१८ मध्ये १९ हजार. कृष्णवर्णीयांना अडवण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं. शहर काही त्यामुळे असुरक्षित झालं नाही, गुन्हे कमीच होत राहिले. ही आधी-नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून (म्हणजे बदल कुणाला लागू करायचा नि कुणाला नाही हे नशिबावर सोडून) केलेला प्रयोग नव्हे, त्यामुळे सगळं श्रेय त्या एका प्रश्नाला देऊ नये. पण दिशा न्यूयॉर्कसारखीच आहे.

असं का होतं? पूर्वग्रह सगळ्यात जास्त चालतो तो घाई, संदिग्धता आणि मोकळी मुभा एकत्र आली की. चोर पळताना दिसतोय तिथे रंगाला फारसा वाव नसतो. ‘काहीतरी गडबड वाटतेय’ तिथे भरपूर असतो. रकाना ती संदिग्धता पोलिसालाच निस्तरायला लावतो, तेही कृती करण्याआधी, कारण नंतर लिहावं लागणार हे त्याला माहीत असतं.

इंग्लंडमध्ये झडतीचं कारण लिहिणं कायद्याने बंधनकारक आहेच, १९८४ च्या कायद्यापासून. तरी प्रश्न सुटला नाही, याचं एक कारण अशा नोंदी चाळायला बसलं की लक्षात येतं. ‘गांजाचा वास’, ‘पोलिसांना पाहून बिथरला’, ‘टोळीचा परिसर’ अशी तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. चौकटी काढून टाकल्या तरी माणसं मनातल्या मनात नव्या चौकटी तयार करतात. म्हणून लिहिलेलं कुणीतरी वाचलं पाहिजे. सार्जंटने दर आठवड्याला आपल्या टीममधल्या चार-पाच झडत्यांचे बॉडी कॅमेऱ्याचे व्हिडिओ आणि नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आणि त्या पोलिसाशी दहा मिनिटं बोलायचं. नुसता कॅमेरा पुरत नाही. वॉशिंग्टन डीसीमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर नीट चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला, तेव्हा कॅमेरा लावलेल्या आणि न लावलेल्या पोलिसांच्या बळाच्या वापरात फरक आढळला नाही. व्हिडिओ कुणी बघतच नसेल तर पोलिसाला फरक का पडावा?

नोंद पुरत नाही तिथे दुसऱ्या माणसाची परवानगी लावावी. डिसेंबर २०२० मध्ये पूर्व लंडनमधल्या हॅकनीत पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीची, तिच्याच शाळेत, परीक्षेच्या मधून उठवून कपडे उतरवून झडती घेतली गेली. संशय काय, तर गांजाचा वास. तिची पाळी चालू होती. तिच्या बाजूने खोलीत कुणी मोठं माणूस नव्हतं, आईला कळवलं नव्हतं, पोलिसांनी वरिष्ठांना विचारलं नव्हतं. सापडलं काहीच नाही. कृष्णवर्णीय मुली वयापेक्षा मोठ्या आणि निबर समजल्या जातात हा पूर्वग्रह त्यामागे होता असं नंतरच्या चौकशीत म्हटलं गेलं. तो शिकवणीने किती वर्षांत जाईल कोण जाणे. पण इन्स्पेक्टरला फोन करून ‘सर, शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवायचेत, वास येतोय म्हणून’ हे वाक्य मोठ्याने उच्चारायला लागलं असतं तर? मेटने मुलांच्या अशा झडतीसाठी इन्स्पेक्टरची परवानगी सक्तीची केली ती हे प्रकरण गाजल्यावर.

हसणारे आणि गप्प बसणारे

स्त्रीद्वेषाचं बरंचसं प्रकरण रस्त्यावर नसतं, ठाण्याच्या आत असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलिसांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाने चेरिंग क्रॉस ठाण्यातल्या पोलिसांचे व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरचे संदेश उघड केले. बलात्काराचे विनोद, बायकोला मारण्याचे विनोद, कृष्णवर्णीय मुलांबद्दल जे लिहिलं होतं ते इथे लिहिण्याजोगं नाही. बचाव एकच: ‘मस्करी होती.’ केसींच्या पाहणीत मेटमधल्या एक तृतीयांश महिलांनी कामावर लिंगभेद सोसल्याचं सांगितलं आणि १२ टक्के महिलांनी थेट छळ किंवा हल्ला झाल्याचं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण दाखवलं, तेही चेरिंग क्रॉसचंच.

अशा ग्रुपमध्ये साधारणपणे दोन-तीन जण टाकतात, पाच-सहा जण हसण्याचे इमोजी देतात आणि बाकीचे गप्प असतात. गप्प असलेल्या प्रत्येकाला वाटतं की एकट्या मलाच हे किळसवाणं वाटतंय. निनावी पाहणीत दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला याबद्दल काय वाटतं, आणि तुमच्या सहकाऱ्यांना काय वाटत असेल? दोन उत्तरांत मोठं अंतर निघालं तर ते आकडे त्या टीमसमोर ठेवावेत. ‘तुमच्यातल्या बहुतेकांना हे आवडत नाही’ हे कळणं हीच मोठी घडामोड असते. पण इथे सावध राहावं लागतं. पाहणीत बहुतेकांना ते खरंच आवडतं असं निघालं, तर आकडे दाखवून तुम्ही उलट त्यांची भीडच चेपवाल. तिथे टीम फोडणं आणि सार्जंट बदलणं एवढंच उरतं.

बोलायचं कसं, हेही शिकवता येतं. न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांची मदत घेऊन, सहकाऱ्याला वेळीच थांबवण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. स्टॉब हंगेरीतल्या ज्यू संहारातून लहानपणी वाचलेले, आयुष्यभर ‘बघे गप्प का बसतात’ याचाच अभ्यास केलेले. या प्रशिक्षणाची खुबी अशी की ते निष्ठेला हात लावत नाही. मित्राची चुगली करा असं सांगत नाही, मित्राची नोकरी वाचवा असं सांगतं. २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून ठेवलेला जॉर्ज फ्लॉइड जमिनीवर होता, पुढे त्यातच तो मेला, तेव्हा नवख्या पोलिसाने ‘याला कुशीवर वळवायचं का?’ असं दोनदा विचारलं होतं. वरिष्ठाने नाही म्हटलं आणि विषय संपला. मनात योग्य ते होतं, तोंडून निघालंही होतं. कमी पडला तो सराव, आणि वरिष्ठाला अडवण्याचा अधिकार. म्हणून अशा वर्गात आम्ही भाषण देत नाही. जोड्या लावून तीच तीन-चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून घेतो, खांद्यावर हात ठेवून ‘तू हो बाजूला, मी बघतो’ हे करून घेतो, आणि अडवून घेणाऱ्याच्या भूमिकेत मुद्दाम वरिष्ठाला बसवतो. पहिल्या फेरीत सगळे हसतात. चौथ्या फेरीत कुणी हसत नाही.

तक्रारींची फाइल

हे सगळं पाण्यात जाईल जर तक्रार करणाऱ्याचं काय होतं ते ठाण्याने पाहिलं असेल. केसींना आढळलं की २०१३ पासून मेटमधल्या १,८०९ जणांवर एकाहून अधिक तक्रारी होत्या आणि त्यातल्या एक टक्क्याहून कमी लोकांची नोकरी गेली. एक प्रकरण निकाली निघायला सरासरी ४०० दिवस. कृष्णवर्णीय पोलीस मात्र गोऱ्यांपेक्षा ८१ टक्के अधिक प्रमाणात चौकशीत सापडत होते. कॅरिकचं नाव अटकेआधी नऊ प्रकरणांत पोलिसांपर्यंत आलं होतं. प्रत्येक वेळी ज्याच्या टेबलावर कागद आला त्याने तेवढाच कागद पाहिला, आणि तेवढ्यावर ‘पुरावा अपुरा’ म्हणणं सोपं होतं. नऊ कागद एकत्र लावून वाचले असते तर कुणालाही झोप लागली नसती. तक्रार आली की त्या माणसाच्या जुन्या सगळ्या तक्रारी आपोआप वर याव्यात, आणि निर्णय त्याच्या ठाण्याबाहेरच्या माणसाने घ्यावा, एवढी साधी रचना मी कुठल्याही शिबिराच्या आधी मागेन.

आणि बदली हा उपाय बंद करावा. मेटच्या ३५,९२४ कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरचा २०१९ मधला एक अभ्यास दाखवतो की सोबतच्या सहकाऱ्यांमध्ये गैरवर्तनाचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की त्या व्यक्तीचं स्वतःचं पुढचं गैरवर्तन सुमारे ८ टक्क्यांनी वाढतं. साहेब लोक ‘एखाददुसरा आंबा नासका असतोच’ म्हणतात. अढी लावलेल्या कुणालाही विचारा, नासका आंबा दुसऱ्या अढीत ठेवून काय होतं ते.

भरतीबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये एव्हन अँड सॉमरसेट पोलिसांच्या ऑनलाइन परीक्षेत अल्पसंख्याक उमेदवार जास्त गळत होते. परीक्षेच्या आधी जाणाऱ्या ईमेलचा कोरडा सूर बदलला आणि ‘पोलीस होणं तुमच्यासाठी आणि तुमच्या समाजासाठी का महत्त्वाचं आहे याचा विचार करा’ अशी एक ओळ घातली. त्यांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण निम्म्याने वाढलं, गोऱ्या उमेदवारांचं आहे तेवढंच राहिलं. स्वस्त आणि चांगलं काम. पण आत घेतलेली मुलगी दोन वर्षांत कंटाळून निघून गेली तर ईमेलचा काय उपयोग?

आपल्याकडे

आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि धर्म ठेवा, यंत्रणा ओळखीची वाटेल. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्यांकडे झुकलेले असतात असं कमीअधिक प्रमाणात मानणारे त्यात जवळपास निम्मे होते. निम्म्या दलाचं मन कुठल्या शिबिरात बदलणार?

काय चालतं याचा भारतातला एक उत्तम पुरावा शेजारच्या मध्य प्रदेशातला आहे. तिथे १८० ठाण्यांत चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी महिला मदत कक्ष सुरू केले: वेगळी जागा, ठरलेली कार्यपद्धती, प्रशिक्षण. ज्या ठाण्यांत कक्ष होते तिथे महिलांवरील अत्याचाराच्या नोंदी वाढल्या, आणि कक्ष महिला पोलिसांकडे होता तिथे जास्तच. ‘घरातलं भांडण आहे, घरीच मिटवा’ म्हणत एनसीवर (नुसत्या अदखलपात्र नोंदीवर) बोळवण करायची वाट कार्यपद्धतीने अवघड केली. याउलट हरियाणातल्या पूर्ण महिला पोलीस ठाण्यांच्या अभ्यासात असा फायदा दिसला नाही. बाकीची ठाणी ‘तुमचं त्या तिकडे’ म्हणून हात झटकू लागली. बाई नेमली की प्रश्न सुटला, असं समजणाऱ्यांनी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत.

महाराष्ट्रात मला करून बघावंसं वाटतं ते पारध्यांच्या बाबतीत. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण तालुक्याला घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या वस्तीवर जाते हे ग्रामीण भागात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. वस्तीवर जाण्याआधी स्टेशन डायरीत तीन गोष्टी लिहायच्या: कुणाच्या शोधात जातोय, त्याचा या गुन्ह्याशी संबंध कशावरून, ही माहिती कधी आली. ‘सराईत’, ‘रेकॉर्डवरचा’ असे शब्द दुसऱ्या रकान्यात चालणार नाहीत. महिन्याच्या शेवटी उपविभागीय अधिकाऱ्याने त्या नोंदी आणि त्यातून किती मुद्देमाल निघाला ते शेजारी ठेवून वाचायचं.

कागद वाढतो अशी तक्रार येईल, ती सगळीकडेच येते. रात्रभर वस्ती उलथीपालथी करून रिकाम्या हाताने परत येण्यात जितका वेळ जातो, त्यापुढे तीन ओळी लिहायला कितीसा लागतो?